कॅप राउंड संपेपर्यंत डोकं शांत कसं ठेवायचं: नागपूरच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

बारावीचा शेवटचा पेपर झाला की घरात सगळ्यांना वाटतं, चला, सुटलो. खरी वाट बघणं त्यानंतर सुरू होतं. जेईईचा दुसरा टप्पा, सीईटी, नीट, बोर्डाचा निकाल, मेरिट लिस्ट, मग एकामागून एक राउंड. एप्रिलपासून पार ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पोरगं कुठे शिकणार हे कुणालाच ठाम सांगता येत नाही. माझ्या मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेतून झाला, नंतर भाच्याचा झाला. तेव्हापासून जून लागला की मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीतले लोक फाइल घेऊन आमच्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे की या काळातली निम्मी घालमेल न केलेल्या कामांची असते. दाखला काढायचा राहिलेला असतो, पसंतीची यादी मनात पक्की नसते, किती फी झेपेल हे नवरा-बायको एकमेकांशी बोललेलेच नसतात. ही कामं मे महिन्यात उरकता येतात. उरलेली निम्मी घालमेल मात्र सोसावी लागते, आणि ती सोसायला मग अंगात बळ राहतं.

१. आपण कोणत्या रांगेत आहोत ते आधी ठरवा

नागपुरात राहून तीन वेगवेगळ्या प्रक्रिया डोक्यात घोळत असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी नागपूर या दोन्ही संस्था जेईई मेनच्या गुणवत्तेवर, ‘जोसा’च्या देशपातळीवरच्या प्रक्रियेतून भरतात. व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात. ट्रिपल आयटीत असा राज्याचा कोटा नाही. जेईईच्या रँकसोबत बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीसाठी ६५ टक्के) किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, म्हणून ‘जेईई झाली, आता बोर्डाचं काय’ असं म्हणू नका.

राज्यातल्या बाकी इंजिनिअरिंग कॉलेजांचा रस्ता एमएचटी-सीईटी आणि राज्य सीईटी कक्षाच्या कॅप राउंडमधून जातो. त्यातल्या काही जागा जेईईच्या गुणांवरही भरल्या जातात. जेईई दिली असेल तर कॅपच्या अर्जात तो तपशील भरायला विसरू नका. काही संस्था आता स्वतंत्र विद्यापीठं झाल्या आहेत, रामदेवबाबा हे त्यातलं ठळक नाव. अशा संस्थांची त्या वर्षीची पद्धत त्यांच्या माहितीपुस्तिकेत बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मेडिकलचा रस्ता नीटमधून. आपलं मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ टक्के राज्याच्या प्रक्रियेतून भरतात. मिहानमधलं एम्स पूर्णपणे केंद्राच्या प्रक्रियेत आहे.

इथे एक मोठा सापळा आहे. अकरावी-बारावीला पोराला राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवलं आणि बारावी तिथल्या शाळेतून झाली, तर एनआयटीसाठी त्याचं राज्य राजस्थान धरलं जातं. नागपूरचं पोर व्हीएनआयटीत महाराष्ट्राच्या जागेवर बसूच शकत नाही. मेडिकलच्या ८५ टक्क्यांसाठीही दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून लागते. छिंदवाडा, बालाघाटकडून नागपुरात स्थायिक झालेल्या घरांनीही हे आधीच तपासावं. धाकटी भावंडं असतील तर त्यांच्या अकरावीच्या वेळीच हा विचार करा.

२. पर्सेंटाइलचा अर्थ घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा

आजोबांना ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के वाटतात आणि ते गल्लीत पेढे वाटतात. मग यादी लागते आणि पोराचा चेहरा पडतो. हे टाळता येतं.

सीईटी २०० गुणांची असते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा बऱ्याच दिवसांच्या सत्रांमध्ये होते आणि प्रत्येक सत्रातला पेपर वेगळा असतो, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. ९२ पर्सेंटाइल म्हणजे आपल्या सत्रातल्या ९२ टक्के मुलांच्या बरोबरीनं किंवा पुढे. समजा गटात तीन लाख मुलं बसली, तर ९९ पर्सेंटाइलच्याही पुढे तीन हजारांच्या आसपास मुलं असतात आणि ९२ च्या पुढे चोवीस हजार. हा गुणाकार एकदा कागदावर करून दाखवला की घरातल्या अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात. मुलावर ओरडायची किंवा त्याला खोटा धीर द्यायची गरज राहत नाही.

३. कागद मे महिन्यातच जमवा

उन्हातान्हात सेतूच्या रांगेत उभं राहणं कुणालाच नको असतं, पण जुलैमधली गर्दी त्याहून वाईट. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून बरेच दाखले घरबसल्या मागता येतात. जमवायचं ते असं:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- सीईटी, जेईई, नीट, जे दिलं असेल त्याचं गुणपत्रक
- वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी असाल तर नॉन क्रिमीलेयर; त्यावरची वैधतेची तारीख पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंतची हवी
- ईडब्ल्यूएस असाल तर राज्याच्या नमुन्यातला त्या वर्षीचा दाखला
- उत्पन्नाचा दाखला
- आधार, आधारला जोडलेलं बँक खातं, पासपोर्ट फोटो

यात सगळ्यात जास्त दमवतं ते जात वैधता प्रमाणपत्र. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. वडिलांच्या, काकांच्या, आत्याच्या शाळेचे जुने दाखले, आजोबांचा कोतवाल बुकातला उतारा हे सगळं गावाकडून आणावं लागतं, आणि गाव भंडारा-गोंदियाकडे असेल तर त्यात आठवडे जातात. प्रमाणपत्र हातात नसलं तरी अर्ज केल्याची पावती चालते का, आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. ती तारीख चुकली तर जागा खुल्या प्रवर्गात वळते, आणि तिथे नंबर लागेलच असं नाही.

नावं एकेक अक्षर लावून वाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘वानखडे’, आधारवर ‘वानखेडे’, जातीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ जोडलेलं आणि बाकी कुठेच नाही, हे आपल्या विदर्भात घरोघरी आहे. दुरुस्ती करा, नाहीतर प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. ई-स्क्रुटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन पडताळणीत, अधिकारी अर्ज त्रुटी दाखवून परत पाठवतात आणि तो ठरलेल्या मुदतीत सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. एसएमएसची वाट बघू नका, रोज एकदा लॉगिन उघडून बघा.

आणि लॉगिन, पासवर्ड, ओटीपी फक्त घरात ठेवा. सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर किंवा ईमेल अर्जात टाकू नका.

४. मागच्या वर्षीचा कट-ऑफ वाचायला शिका

कट-ऑफच्या पीडीएफमध्ये ‘जीओपनएच’, ‘एलओबीसीएस’ अशी अक्षरं बघून लोक गांगरतात. पहिलं अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींची. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर ‘एच’ म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यपातळीवरची जागा. आपल्या मुलीला लागू होणारा रकाना शोधा आणि तोच बघा. शेजारच्या पोराचा प्रवर्ग वेगळा, त्यामुळे त्याचा आकडा आपल्या कामाचा नाही.

कट-ऑफ पहिल्या राउंडचा एक असतो आणि शेवटच्या राउंडचा वेगळा. दोन्ही बघा. निदान दोन-तीन वर्षांचे बघा, कारण नव्या ब्रँच उघडतात, जागा वाढतात, एखाद्या वर्षी सगळ्यांची धाव एकाच ब्रँचकडे असते. नंबर कुठे लागेल हे नेमकं सांगणाऱ्या ॲपवर पैसे घालवू नका. त्यांच्याकडेही याच पीडीएफ असतात.

नातेवाइकांची माहिती प्रेमाची असते, पण जुनी असते. मेडिकलमधला विदर्भ-मराठवाडा-उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला, तरी अजूनही कुणीतरी जेवताना ठासून सांगतंच की विदर्भाच्या पोरांना सोपं जातं. ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि माहितीपुस्तिका उघडा.

५. पसंतीची यादी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

ऑप्शन फॉर्म भरताना नागपुरातल्या घराघरात एकच भीती असते. ‘वर मोठं कॉलेज टाकलं आणि नाही मिळालं, तर खालचंही हातचं जाईल.’ असं होत नाही. संगणक तुमची यादी वरून खाली वाचत येतो. तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला पहिली पसंती मिळत नसेल तर दुसरी बघतो, मग तिसरी. वर अवघड नावं टाकल्यानं खालच्या नावांवरचा हक्क कमी होत नाही. म्हणून यादी आवडीच्या क्रमानं लावा, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमानं लावू नका. सुरक्षित म्हणून एखादं कॉलेज वर टाकलं आणि ते मिळालं, तर त्याच्या खाली लिहिलेलं काहीही मग मिळत नाही.

आमच्याकडे आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एक ब्रँच. कूलरच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर चिंचोके ठेवले आणि फरशीवर वरून खाली रांग लावली. मुलगी सिव्हिलची चिठ्ठी वर सरकवायची, तिचे बाबा कॉम्प्युटरची वर सरकवायचे. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं, पण कोणती चिठ्ठी सारखी हलते आहे हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी त्याच एका चिठ्ठीवर बोलणं झालं, बाकीच्यांवर वाद घालायची गरजच उरली नाही. मोबाइलच्या पडद्यावर हे होत नाही. कागदावर करा.

क्रम लावण्याआधी कॉलेज बघून या, आणि कामाच्या दिवशी जा. वानाडोंगरीला जायचं तर लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, पण घरापासून मेट्रो आणि मेट्रोपासून कॉलेज हे अंतर जुलैच्या पावसात रोज कसं कापायचं ते स्वतः जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पोरं भेटतात. त्यांना विचारा: प्रयोगशाळेत स्वतः हात लावायला मिळतो का? शिकवणारे टिकतात की दर सहा महिन्यांनी बदलतात? बॅनरवर ज्यांचे फोटो आहेत ती मुलं कोणत्या ब्रँचची? मोकळेपणानं सांगतात पोरं.

कॉलेज आधी की ब्रँच आधी, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. माझं मत असं: मुलाला एखाद्या विषयाची खरीच ओढ असेल तर ब्रँच आधी. ओढ नसेल, ‘सगळे घेतात म्हणून कॉम्प्युटर’ असं असेल, तर चांगलं शिकवणारं कॉलेज आधी.

यादीच्या तळाशी एक रेघ मारा. ‘याच्या खालचं मिळालं तरी घेणार नाही.’ त्या रेघेखालचं एकही नाव फॉर्ममध्ये टाकू नका. आणि रेघेच्या वर भरपूर नावं ठेवा. पाच-सात नावं टाकून थांबणारी घरं दरवर्षी दिसतात, आणि त्यातलं एकही मिळालं नाही की रडारड होते.

उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा यादीत वेगळ्या टाकाव्या लागतात. त्यांचा कोड शेवटी ‘टी’ असलेला असतो. साध्या जागेचा कोड टाकला म्हणजे हा आपोआप आला असं नाही.

६. राउंडचे नियम आधी पाठ करा, यादी लागल्यावर नाही

२०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार कॅप राउंड झाले. त्या वर्षीचा नियम असा होता: पहिल्या राउंडमध्ये पहिली पसंती मिळाली तर जागा आपोआप फ्रीझ. दुसऱ्या राउंडमध्ये पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर फ्रीझ. तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. फ्रीझ झालेली जागा घ्यावीच लागते. ती सोडली तर पुढच्या राउंडमध्ये उभं राहता येत नाही. याचा सरळ अर्थ, पहिल्या सहा ओळींत मनापासून नको असलेलं एकही नाव नको. ‘बघू तर’ म्हणून पुण्याचं कॉलेज पहिलं टाकायचं आणि ते मिळाल्यावर ‘हॉस्टेलचा खर्च कोण करणार’ म्हणायचं, हे या नियमात चालत नाही.

तुमच्या वर्षी नियम तोच आहे का, हे माहितीपुस्तिकेत पहिल्या दिवशी बघा.

जागा मिळाली पण अजून चांगल्याची आशा असेल, तर ती स्वीकारून बेटरमेंटसाठी थांबता येतं. पुढच्या राउंडमध्ये वरचं काही मिळालं तर आधीची जागा आपोआप जाते, मग ती परत मागता येत नाही. वरचं काही मिळालं नाही तर आधीची राहते. जोसामध्ये यालाच फ्रीझ, फ्लोट, स्लाइड असे तीन पर्याय आहेत: स्लाइड म्हणजे कॉलेज तेच, फक्त वरची ब्रँच चालेल, फ्लोट म्हणजे वरचं काहीही चालेल.

जोसाचे राउंड कॅपच्या आधी सुरू होतात. दोन्हीकडे अर्ज असेल तर जोसातून पैसे परत मिळून माघार घेण्याची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

७. घरातली हवा सांभाळा

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. अख्खं घर एका कूलरच्या खोलीत दिवस काढतं. विषय एकच, आणि पोराला उठून जायला दुसरी जागा नाही. बाहेरगावच्या लोकांना हे कळणार नाही, पण आपल्याकडच्या अर्ध्या भांडणांचं मूळ त्या खोलीत असतं. म्हणून ठरवून टाका की प्रवेशाची चर्चा रात्री जेवण झाल्यावर, अर्धा तास. दिवसभरात कुणाला काही आठवलं तर वहीत लिहून ठेवायचं. पोराला सकाळी सहाला अंबाझरीकडे किंवा जवळच्या मैदानावर पाठवा, सोबत मित्र असतील तर आणखी चांगलं.

साइट बघायचं काम एकाच माणसाकडे द्या, आणि दिवसातून दोन ठरलेल्या वेळी. यादी लागायच्या संध्याकाळी साइट अडखळते. चार जणांनी चार मोबाइलवर तीच खिडकी ताजी करत बसल्यानं ती लवकर उघडत नाही. सकाळी बघितलं तरी नंबर तोच असतो.

नातेवाइकांसाठी एक उत्तर ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच द्या: ‘राउंड चालू आहेत, पक्कं झालं की आम्हीच फोन करू.’ त्याच्या पुढे कुणी ‘काहून बाप्पा, पर्सेंटाइल किती आलं तं सांग’ म्हणालं, तर ते उत्तर मोठ्यांनी द्यायचं, पोराला फोनवर बोलवायचं नाही.

मुलांनो, या चार महिन्यांत हाताला एक काम लावून घ्या. गाडी शिका, धाकट्यांची शिकवणी घ्या, सी किंवा पायथनचा पहिला धडा सुरू करा, मामाच्या दुकानात बसा. जिथे आज काहीतरी पुरं झालं असं रोज रात्री वाटेल असं काहीही.

आणि पालकांनी हे बघा: पोर जेवत नाही, रात्रभर जागं आहे, मित्रांचे फोन घेत नाही, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’ असं बोलतं आहे, तर राउंड बाजूला ठेवा. जवळ बसा. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचार तज्ज्ञाकडे जायला लाजू नका. कोणतीही जागा पोरापेक्षा मोठी नाही, हे त्याला तोंडानं सांगा. त्याला माहीतच असेल असं धरून चालू नका.

८. पैशाचं बोलणं आणि मॅनेजमेंट कोटा

वर्षाला किती झेपेल तो आकडा यादी भरण्याआधी मुलांसमोर सांगा. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार कमी होतो. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, त्याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. हे लाभ कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळतात. संस्थास्तरावर जागा घेतली की जातात.

म्हणूनच पहिल्या राउंडनंतर येणाऱ्या ‘सीट ब्लॉक करून देतो’ या फोनला भुलू नका. बोलणारा घाई करतो, ‘आज संध्याकाळपर्यंतच’ म्हणतो. प्रवेशासाठी फीच्या वर देणगी घेणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. संस्थास्तरावरच्या जागाही गुणवत्तेनुसार, जाहिरात देऊन भराव्या लागतात. अर्ज थेट कॉलेजात द्या, पैसे कॉलेजच्या खात्यातच भरा, पावती घ्या. मधला माणूस नको.

९. शेवटच्या राउंडनंतर

मनासारखं मिळालं नाही तर लगेच ‘ड्रॉप’ म्हणू नका. मिळालेली जागा धरून ठेवा आणि प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख बघा. त्या तारखेच्या आत रद्द केलं तर किरकोळ रक्कम कापून फी परत मिळते. तेवढ्या दिवसांत वर्गात जाऊन बसा. ड्रॉपचा निर्णय मुलाचा स्वतःचा असेल, कुठे कमी पडलो हे त्याला नेमकं सांगता येत असेल आणि रोजचा अभ्यास कसा बदलणार हे त्यानं लिहून दाखवलं असेल, तरच त्याला पाठिंबा द्या. नुसतं ‘पुढच्या वर्षी होईल’ यावर वर्ष घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवेश पक्का झाला असेल तर मूळ दाखले कॉलेजात देण्याआधी प्रत्येकाच्या निदान पाच झेरॉक्स आणि मोबाइलवर स्कॅन काढून ठेवा, टीसीच्या तर जास्तच. नॉन क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला पुढच्या वर्षीही लागणार आहे. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज खिडकी उघडताच भरा, आणि कॉलेजच्या कार्यालयात प्रत जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच मागून घ्या.